षटकारही कमवावा लागतो

२८ डिसेंबर २०२४, मेलबर्न कसोटीचा तिसरा दिवस. ऑस्ट्रेलियाच्या ४७४ धावांचा पाठलाग करताना भारताचा अर्धा संघ तंबूत परतला होता आणि ऋषभ पंत व रवींद्र जडेजा यांच्यावर सगळी भिस्त होती. स्कॉट बोलंडचा चेंडू खाली बसून, मागच्या बाजूला उडवण्याचा पंतने प्रयत्न केला. तो फसला, चेंडू अंगावर आदळला. पुढच्याच चेंडूला त्याने पुन्हा तोच फटका काढला. हा फटका अपेक्षित धरून ऑस्ट्रेलियाने मागे सीमारेषेवर माणसं आधीच पेरून ठेवली होती. चेंडू बॅटची कड घेऊन उंच उडाला आणि डीप थर्डला उभ्या असलेल्या नेथन लायनने तो सहज टिपला. पंत २८ धावांवर बाद, भारत ६ बाद १९१. समालोचन कक्षातून सुनील गावसकर यांनी एकच विशेषण तीनदा उच्चारलं, 'स्टुपिड'. त्यांचा तो संताप काही तासांत जगभर पोहोचला. पंचाहत्तरीतल्या माणसाला आजच्या फलंदाजीतलं काय कळणार, असं एका बाजूने म्हटलं गेलं. बरं झालं, कुणीतरी कान उपटले, असं दुसऱ्या बाजूने. सहाच महिन्यांनी, जून २०२५ मध्ये, हेडिंग्लेवर याच पंतने दोन्ही डावांत शतकं ठोकली, १३४ आणि ११८. कसोटीत यष्टिरक्षकाने असा पराक्रम करण्याची ती केवळ दुसरी वेळ. आधीचा मान झिंबाब्वेच्या अँडी फ्लॉवरचा. पहिल्या शतकानंतर पंतने कोलांटउडी मारली तेव्हा समालोचन कक्षात गावसकरच होते आणि या वेळी त्यांनी तीनदा म्हटलं, 'सुपर्ब'.

या दोन प्रसंगांमध्ये गावसकर बदलले, असं मानण्याचं कारण नाही. मेलबर्नला त्यांचा आक्षेप आक्रमक खेळावर नव्हता. मागच्या चेंडूने दिलेला इशारा आणि समोर दिसणारी क्षेत्ररचना, दोन्ही डावलून विकेट फेकण्यावर तो होता. हेडिंग्लेला तोच बेधडक खेळ त्यांना भावला, कारण तिथे धोका हिशेब करून पत्करला होता. मला वाटतं, आधुनिक क्रिकेटबद्दलच्या त्यांच्या बहुतेक सगळ्या मतांच्या मुळाशी एकच सूत्र आहे: क्रिकेटमध्ये जे मिळतं ते कमावलेलं असावं. धाव कमावलेली असावी, षटकारही कमावलेला असावा, संघातली जागा, मानधन आणि विश्रांतीसुद्धा. हे सूत्र हातात धरलं तर सीमारेषेपासून रणजी करंडकापर्यंतची त्यांची वरवर विखुरलेली, कधी चिडचिडी वाटणारी मतं एका ओळीत येतात. त्यातली बरीचशी पुराव्यावर टिकतात, आणि जिथे ती चुकतात तिथे का चुकतात हेही कळतं.

सगळ्यात आधी नेहमीचा आक्षेप. निवृत्त खेळाडू म्हटला की 'आमच्या काळी' हे आलंच. वय झालं की माणसाला नवं काही रुचत नाही. हा आक्षेप अनेक माजी खेळाडूंना लागू पडतो, गावसकरांना मात्र तो नीट बसत नाही. रोखठोक बोलणं हे त्यांच्या निवृत्तीचं अपत्य नाही. १९७६ साली जमैकाच्या सबाइना पार्कवर वेस्ट इंडीजच्या वेगवान गोलंदाजांनी भारतीय फलंदाजांच्या अंगावर मारा केला. अंशुमन गायकवाड यांना कानावर चेंडू लागून रुग्णालयात जावं लागलं, दुसऱ्या डावात पाच फलंदाज खेळायलाच येऊ शकले नाहीत आणि भारताचा डाव ९७ धावांवर संपला. त्या गोलंदाजीवर आणि प्रेक्षकांच्या वर्तनावर गावसकरांनी त्याच वर्षी 'सनी डेज' या पुस्तकात जळजळीत टीका केली. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते आणि पुढेही वेस्ट इंडीजच्या वेगवान गोलंदाजांसमोर त्यांना उभं राहायचं होतं. १९९० साली मेरिलबोन क्रिकेट क्लबने देऊ केलेलं मानद सदस्यत्व त्यांनी नाकारलं, त्याबद्दल बिशनसिंग बेदींसारख्या आपल्याच माणसाचा रोष ओढवून घेतला. ज्याने विशीत बोलताना कुणाची भीड ठेवली नाही, त्याच्या सत्तरीतल्या बोलण्याला म्हातारपणाचा चिडखोरपणा म्हणून झटकून टाकता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा. १९७५ च्या पहिल्या विश्वचषकात लॉर्ड्सवर इंग्लंडने ६० षटकांत ४ बाद ३३४ धावा केल्या आणि उत्तरादाखल गावसकर पूर्ण डाव खेळून १७४ चेंडूंत नाबाद ३६ वर राहिले. ज्याच्या नावावर ही खेळी आहे त्याने विराट कोहलीच्या स्ट्राइक रेटवर बोलावं का? २०२४ च्या आयपीएलमध्ये हा प्रश्न जोरात विचारला गेला. खुद्द कोहलीनेही, बाहेर बॉक्समध्ये बसून बोलणं वेगळं आणि मैदानात असणं वेगळं, अशा अर्थाचं उत्तर दिलं. ती ३६ धावांची खेळी समर्थनीय नाही, आणि इथे तिचं समर्थन करायचंही नाही. पण त्या एका डावावरून माणसाची सगळी समज ठरवायची असेल तर नागपूरचा डावही त्याच पानावर मांडावा लागेल. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी विदर्भ क्रिकेट संघटनेच्या मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध भारताला नुसतं जिंकून चालणार नव्हतं. गटात ऑस्ट्रेलियाच्या वर जायचं तर २२२ धावांचं लक्ष्य ४२.२ षटकांच्या आत गाठणं भाग होतं. अंगात ताप असताना गावसकरांनी ८५ चेंडूंत शतक पूर्ण केलं, ते नाबाद १०३ वर राहिले आणि भारताने ३२.१ षटकांतच सामना संपवला. त्याआधी १९८३ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडीजच्या तोफखान्यासमोर त्यांनी कसोटी शतक ९४ चेंडूंत झळकावलं होतं. वीस षटकांच्या सामन्यात वेग मागणारे आणि कसोटीत संयम मागणारे गावसकर एकच आहेत. सामन्याला काय हवं आहे ते ओळखा आणि त्याप्रमाणे खेळा, ही दोन्हीकडे एकच मागणी आहे. १९७५ मध्ये ती त्यांनी स्वतः पाळली नाही, म्हणून मागणी खोटी ठरत नाही.

आता मूळ मुद्द्यांकडे येऊ. त्यातला सगळ्यात सहज तपासता येण्याजोगा मुद्दा सीमारेषेचा आहे. २०२४ च्या आयपीएलमध्ये धावांचा पूर आला तेव्हा गावसकरांनी आग्रह धरला की सीमारेषेचा दोर शक्य तितका मागे, जाहिरातींच्या फलकांपर्यंत न्या. नियमानुसार आंतरराष्ट्रीय सामन्यात खेळपट्टीच्या मध्यापासून सीमारेषा किमान ५९.४३ मीटर आणि कमाल ८२.२९ मीटर असू शकते. या दोन आकड्यांमधलं अंतर किती मोठं आहे ते साध्या गणितातून कळतं. मैदान गोल धरलं आणि सीमारेषा ७५ मीटरवरून ६५ मीटरवर आणली तर मैदानाचं क्षेत्रफळ तब्बल २५ टक्क्यांनी घटतं. क्षेत्ररक्षक तेवढेच राहतात, पण त्यांनी राखायच्या मैदानाचा चौथा हिस्सा गायब होतो. पूर्वी जो उंच फटका सीमेच्या दहा पावलं आत झेल ठरायचा, तो आता प्रेक्षकांत जाऊन पडतो. फलंदाजाने तो चुकीचाच मारलेला असतो आणि गोलंदाजाने बरोबरच टाकलेला असतो. पण धावफलकावर सहा धावा चढतात. गोलंदाजाने डोकं लढवून मिळवलेली विकेट मैदान आखणाऱ्याने काढून घेतली, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

यावर दोन उत्तरं दिली जातात. एक सुरक्षेचं: सीमेवर धावत येणारा क्षेत्ररक्षक फलकावर आदळू नये म्हणून मोकळी जागा लागते. हे रास्त आहे, आणि त्यासाठी सुमारे पावणेतीन मीटर जागा सोडण्याची पद्धतही आहे. पण त्यापेक्षा कितीतरी आत ओढलेल्या दोराचं समर्थन सुरक्षेने होत नाही. दुसरं उत्तर लोकांच्या आवडीचं: प्रेक्षक षटकार पाहायला येतात. २६ एप्रिल २०२४ रोजी ईडन गार्डन्सवर कोलकात्याने २६१ धावा केल्या आणि पंजाबने आठ चेंडू राखून त्या पार केल्या. त्या एका सामन्यात ४२ षटकार गेले. बाजारात चलन भरमसाठ ओतलं की त्याची किंमत उतरते, तसंच षटकारांचं होतं. बेचाळिसाव्या षटकाराला पहिल्याइतकी टाळी मिळत नाही. खुद्द कायदे करणाऱ्यांनीही हा तोल ढळल्याचं मान्य केलेलं आहे. १ ऑक्टोबर २०१७ पासून बॅटच्या कडेची जाडी ४० मिलिमीटर आणि मधली जाडी ६७ मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये, अशी मर्यादा आली ती त्यामुळेच. बॅटला मर्यादा घालायची आणि मैदान मात्र आखडू द्यायचं, यात सुसंगती नाही. गावसकरांची मागणी खर्चिक नाही, गुंतागुंतीचीही नाही. एक दोर काही पावलं मागे सरकवायचा आहे.

सीमारेषेपेक्षा खोल प्रश्न देशांतर्गत क्रिकेटचा आहे, आणि माझ्या मते गावसकरांच्या टीकेचं खरं मोल इथे आहे. ऑगस्ट २०२४ च्या पहिल्या आठवड्यात श्रीलंकेतली एकदिवसीय मालिका संपली. त्यानंतर १९ सप्टेंबरला चेन्नईत बांगलादेशविरुद्धची कसोटी सुरू होईपर्यंत भारतीय संघाला चाळीसहून जास्त दिवस मोकळे होते. ५ सप्टेंबरपासून दुलीप करंडकाचे सामने होते. रोहित शर्मा आणि विराट कोहली त्यात खेळले नाहीत, आणि गावसकरांनी त्यावर नाराजी जाहीरपणे व्यक्त केली. पुढे काय झालं ते भारतीय क्रिकेटच्या इतिहासात नोंदलं गेलं आहे. ऑक्टोबरमध्ये न्यूझीलंडने बंगळुरूत भारताला ४६ धावांत गुंडाळलं. पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर मिचेल सँटनरने १३ बळी घेतले आणि मायदेशात सलग अठरा मालिका जिंकण्याची भारताची साखळी तुटली. वानखेडेवर विजयासाठी १४७ धावा हव्या होत्या. मुंबईतच जन्मलेल्या एजाझ पटेलने सामन्यात अकरा बळी टिपले आणि भारत १२१ वर आटोपला. तीन कसोटींच्या मालिकेत मायदेशी ३-० असा पराभव भारताने याआधी कधीच पाहिला नव्हता. वर्षभराने, नोव्हेंबर २०२५ मध्ये, ईडन गार्डन्सवर १२४ धावांचा पाठलाग करताना संघ ९३ वर संपला आणि दक्षिण आफ्रिकेने मालिका २-० ने नेली. फिरकीसमोर जगात कुणीही आपल्या फलंदाजांना हात लावू शकत नाही, ही अनेक वर्षांची समजूत वर्षभरात गळून पडली.

फिरकी खेळणं हे सवयीचं काम आहे. चेंडू हातातून सुटताना वाचायचा, पाय पुढे टाकायचा की मागे हे निमिषात ठरवायचं, बॅटवरची पकड सैल ठेवून चेंडू पायाशी मारून टाकायचा, आणि जवळच्या क्षेत्ररक्षकांच्या गराड्यात तासन् तास हेच करत राहायचं. नेट्समधल्या सरावात हे पूर्णपणे येत नाही, कारण तिथे बाद झाल्यावर परत जावं लागत नाही. ते येतं चार दिवसांच्या सामन्यात, जिथे एक चूक झाली की दिवसभर ड्रेसिंग रूममध्ये बसावं लागतं. गावसकर हे ऐकीव सांगत नाहीत. त्यांचा शेवटचा कसोटी डाव मार्च १९८७ मध्ये पाकिस्तानविरुद्ध बंगळुरूच्या अशाच आखाड्यावर खेळला गेला. इक्बाल कासिम आणि तौसिफ अहमद या फिरकी जोडीने त्या सामन्यात प्रत्येकी नऊ बळी घेतले, विजयासाठी २२१ धावांची गरज असताना गावसकर पाच तासांहून अधिक काळ लढून ९६ वर बाद झाले आणि भारत १६ धावांनी हरला. मुंबईच्या मैदानांवर ज्याला खडूस खेळ म्हणतात त्याचा तो कळस होता. तो खेळ क्लब क्रिकेट आणि रणजीतून घडलेला होता.

इथे विरोधी पुरावाही मांडला पाहिजे. ऑस्ट्रेलियात सराव सामना रद्द केल्याबद्दल गावसकरांनी टीका केली होती, आणि पर्थची पहिलीच कसोटी भारताने २९५ धावांनी जिंकली. जानेवारी २०२५ मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाने दहा कलमी धोरण आणून देशांतर्गत क्रिकेट सक्तीचं केलं. रोहित मुंबईकडून जम्मू-काश्मीरविरुद्ध खेळला, त्याला दोन्ही डावांत मिळून ३१ धावा करता आल्या आणि मुंबई हरली. कोहली दिल्लीकडून उतरला आणि रेल्वेच्या हिमांशू सांगवानने त्याचा सहा धावांवर त्रिफळा उडवला. करुण नायरने विदर्भाकडून रणजीत ८६३ धावा केल्या, त्या जोरावर इंग्लंड दौऱ्यात स्थान मिळवलं, पण तिथे त्याला जम बसवता आला नाही. मग रणजीचा उपयोग काय? शिवाय पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी आल्यापासून पॅड पुढे करून फिरकी थोपवण्याची जुनी सोय संपली, म्हणजे आजच्या फलंदाजाचं काम गावसकरांच्या काळापेक्षा अवघड झालं आहे. हे सगळं खरं आहे. पण यातून रणजी निरुपयोगी ठरत नाही, उलट तिची गरज वाढते. काम अवघड झालं असेल तर सराव जास्त हवा. एका सामन्यापुरतं, सक्तीने, कारकिर्दीच्या उतारावर येऊन रणजी खेळल्याने जुनी सवय परत येत नाही. ती वर्षानुवर्षं टिकवावी लागते. आणि रणजीतल्या धावा म्हणजे कसोटीतल्या यशाची हमी, असं कुणी म्हणतही नाही. त्या धावा म्हणजे दार ठोठावण्याचा हक्क. तो हक्क मानला जातो की नाही, हा खरा प्रश्न आहे.

तो मानला जात नाही, तेव्हा गावसकर चिडतात. मुंबईच्या सरफराझ खानने २०१९-२० च्या रणजी हंगामात ९२८ आणि २०२१-२२ मध्ये ९८२ धावा केल्या. तरीही जानेवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या संघात त्याचं नाव नव्हतं, आणि चर्चा त्याच्या धावांपेक्षा त्याच्या वजनाची होत होती. सडपातळ मुलंच हवी असतील तर फॅशन शोला जा आणि तिथले मॉडेल निवडा, असं गावसकरांनी तेव्हा सुनावलं. ही भाषा झोंबरी होती, पण मुद्दा मोजता येण्याजोगा होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये राजकोटला अखेर संधी मिळाली तेव्हा सरफराझने पदार्पणात ६२ आणि नाबाद ६८ धावा केल्या, आणि त्याच वर्षी ज्या बंगळुरू कसोटीत संघ ४६ वर कोसळला होता तिच्या दुसऱ्या डावात दीडशे. तंदुरुस्तीला महत्त्व नाही, असा याचा अर्थ नाही. फलंदाजाची तंदुरुस्ती दिवसभर खेळपट्टीवर उभं राहण्याच्या ताकदीवर तपासायची की कंबरेच्या मापावर, एवढाच सवाल आहे.

रणजी खेळा, असं नुसतं म्हणून मात्र चालत नाही. खेळणाऱ्याला त्यातून काय मिळतं तेही पाहावं लागतं. इथे गावसकरांचं सूत्र फक्त खेळाडूंना नाही, मंडळालाही लागू होतं. २०२१ मध्ये ठरलेल्या दरांनुसार वीसपेक्षा कमी प्रथम श्रेणी सामने खेळलेल्या खेळाडूला दिवसाला ४०,००० रुपये, आणि चाळीसपेक्षा जास्त सामने खेळलेल्याला ६०,००० रुपये मिळतात. नवोदिताने साखळीचे सातही सामने चारही दिवस खेळले तरी हंगामाची कमाई होते ११ लाख २० हजार. उलट आयपीएलमध्ये २०२५ पासून प्रत्येक सामन्यासाठी करारापलीकडे साडेसात लाख रुपये मानधन आहे. म्हणजे एका संध्याकाळच्या वीस षटकांचा मोबदला रणजीच्या जवळपास एकोणीस दिवसांच्या कष्टाइतका. हा हिशेब अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या आई-वडिलांना कुणी समजावून सांगावा लागत नाही. मार्च २०२४ मध्ये मंडळाने कसोटीसाठी प्रोत्साहन योजना आणली. हंगामातल्या तीन चतुर्थांशांहून जास्त कसोटी खेळणाऱ्याला १५ लाखांच्या मानधनाखेरीज प्रत्येक सामन्याला ४५ लाख रुपये. तिचं स्वागत करतानाच गावसकरांनी रणजीचं मानधन दुप्पट-तिप्पट करा, असं सुचवलं. कमवा म्हणायचं तर कष्टाचं मोल द्यायलाही हवं, ही दुसरी बाजू ते विसरत नाहीत. अडचणीतल्या माजी खेळाडूंसाठी त्यांनी १९९९ मध्ये चॅम्प्स फाउंडेशन उभारलं, तेव्हा पैशाविषयीच्या त्यांच्या बोलण्यामागे नुसती जुनी शिस्त नाही, माणसांचा विचारही आहे.

अजून एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या मुलांना कोट्यवधी रुपये मिळाले की भूक मरते, हे त्यांचं आवडतं म्हणणं. यातलं अर्धंच मला पटतं. जसप्रीत बुमरा अनेकांच्या नजरेत पहिल्यांदा भरला तो २०१३ च्या आयपीएलमध्ये. वैभव सूर्यवंशीला तेराव्या वर्षी एक कोटी दहा लाखांची बोली लागली आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याने ३५ चेंडूंत शतक ठोकलं. ज्या घरात बॅट घ्यायला कर्ज काढावं लागतं, त्या घराला मिळालेला पैसा हा दोष नाही. १९८३ चा विश्वचषक जिंकून आलेल्या संघाला बक्षीस द्यायला मंडळाकडे पैसे नव्हते. लता मंगेशकरांनी गाण्याचा कार्यक्रम केला तेव्हा कुठे प्रत्येकाच्या हाती एक लाख पडले. ते दिवस परत यावेत, असं कुणालाच वाटणार नाही. पैसा लवकर मिळतो यापेक्षा लांब पल्ल्याच्या खेळाला तो मिळत नाही, हे दुखणं आहे. त्यामुळे वरची रक्कम कापण्यापेक्षा खालची वाढवणं, हा उपाय जास्त न्याय्य ठरतो.

आणि आता जिथे गावसकर पूर्णपणे पटत नाहीत तो मुद्दा. ऑगस्ट २०२५ मध्ये इंग्लंडविरुद्धची ओव्हल कसोटी भारताने सहा धावांनी जिंकून मालिका २-२ अशी सोडवली. मोहम्मद सिराजने पाचही कसोटी खेळून १८५.३ षटकं टाकली, २३ बळी घेतले. मँचेस्टरला पंत पायाचं हाड मोडलेलं असताना फलंदाजीला उतरला होता. त्यानंतर गावसकर म्हणाले की 'वर्कलोड' हा शब्दच भारतीय क्रिकेटच्या शब्दकोशातून काढून टाका. सीमेवरचे जवान थंडीची तक्रार करतात का? सिराजचं कौतुक रास्त आहे. बुमरा ज्या दोन कसोटींत खेळला नाही नेमक्या त्याच दोन भारताने जिंकल्या, हेही खरं. पण वेगवान गोलंदाजाची पाठ देशभक्तीवर चालत नाही. २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात बुमराने पाच कसोटींत दीडशेहून जास्त षटकं टाकून ३२ बळी घेतले. सिडनीत ऑस्ट्रेलियाला १६२ धावा हव्या असताना त्याची पाठ धरली आणि तो चेंडू टाकायलाच येऊ शकला नाही. मालिका ३-१ ने गेली, पुढच्या चॅम्पियन्स करंडकालाही त्याला मुकावं लागलं. २०२३ मध्ये त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झालेली होती. इथे मोजून गोलंदाजी करवणं म्हणजे लाड नव्हे, शहाणपण आहे. कपिल देव १३१ कसोटी खेळले आणि दुखापतीमुळे एकही चुकवली नाही, असा दाखला दिला जातो. पण एका असामान्य शरीराचा अपवाद सगळ्यांसाठी नियम होऊ शकत नाही. शिवाय कपिलच्या काळात वर्षाचे दोन महिने आयपीएल नव्हती. बुमराच्या बाबतीत प्रश्न दुखापत सांभाळण्याचा होता, असं नंतर गावसकरांनीही म्हटलं. मग तो फरक मूळ विधानातच असायला हवा होता. विश्रांती कमावलेली असावी, हे सूत्र इथेही लागू पडतं, आणि सलग पाच कसोटींत संघाचा भार वाहणाऱ्या गोलंदाजाने ती नक्कीच कमावलेली असते. प्रश्न विचारायचा तर कसोटी सोडून आयपीएलचे सगळे सामने खेळणाऱ्याला विचारावा, आणि हा प्रश्न गावसकर वारंवार विचारतातही.

त्यांच्या जिभेची धार कधी चुकीच्या जागी लागते, हेही नाकारता येत नाही. मार्च २०२२ मध्ये शेन वॉर्नचं अकाली निधन झालं. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच, तो सर्वश्रेष्ठ फिरकीपटू नव्हता, असं त्यांनी एका प्रश्नाच्या उत्तरात सांगितलं. क्रिकेटच्या दृष्टीने ते मत मांडण्याजोगं होतं, वेळ मात्र तशी नव्हती. ती नव्हती हे त्यांनी स्वतःही नंतर कबूल केलं. याहून गंभीर आक्षेप हितसंबंधांचा आहे. एके काळी ते भारतीय मंडळाच्या करारावर समालोचन करत होते, आयपीएलच्या प्रक्षेपणात आजही असतात, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयपीएलची तात्पुरती धुराही त्यांच्याकडे सोपवली होती. व्यवस्थेच्या आत राहून व्यवस्थेवर टीका किती खरी? वाचकाने हा प्रश्न मनात ठेवलाच पाहिजे. पण आयपीएलच्याच पडद्यावरून आयपीएलच्या आखूड सीमारेषेवर बोट ठेवणं, आणि सगळ्यात लोकप्रिय खेळाडूंना रणजीची वाट दाखवणं, यात फायद्यापेक्षा तोट्याचाच धोका जास्त होता. म्हणून या मुद्द्यांवर तरी त्यांच्या हेतूवर शंका घेण्याचं कारण दिसत नाही.

माजी खेळाडूचं मत ऐकताना आपण बहुधा दोनच गोष्टी करतो: त्याच्या नावाला नमस्कार करून मान डोलावतो, नाहीतर त्याच्या वयाकडे पाहून हसतो. दोन्ही आळशीपणाच आहेत. १२५ कसोटी आणि १०,१२२ धावा यांमुळे गावसकरांना बोलण्याचा अधिकार मिळतो. त्यांचं म्हणणं बरोबर ठरतं ते मात्र पुराव्यानेच. मैदान आखूड झालं का, हे मीटरमध्ये मोजता येतं. फिरकीसमोर फलंदाज कच्चे पडले का, हे गहुंजे, वानखेडे आणि ईडन गार्डन्सच्या धावफलकांवर वाचता येतं. रणजीपेक्षा आयपीएल किती पटींनी पैसे देते, हे बेरीज-गुणाकाराने कळतं. या तिन्ही ठिकाणी त्यांचं म्हणणं खरं ठरतं, आणि गोलंदाजाच्या पाठीच्या बाबतीत ते अपुरं पडतं. त्यातून निघणारी कामंही स्पष्ट आहेत. सीमारेषा मागे न्या. रणजीचं मानधन असं करा की चार दिवसांचं क्रिकेट हाही पोटापाण्याचा रस्ता वाटेल. मायदेशातल्या कसोटी मालिकेआधी प्रमुख फलंदाजांसाठी देशांतर्गत सामन्यांची मोकळी जागा वेळापत्रकातच राखून ठेवा. संघ निवडताना हंगामभराच्या धावा आणि बळी आधी मोजा, मग बाकीचं बघा. आणि वेगवान गोलंदाजांना किती षटकं द्यायची, हे वैद्यकीय तज्ज्ञांवर सोपवा. यातलं काहीही क्रिकेटला चाळीस वर्षं मागे नेणारं नाही. आजच्या मुलांकडे ताकद, वेग आणि धाडस गावसकरांच्या पिढीपेक्षा कितीतरी जास्त आहे. त्या धाडसाला खरी किंमत यायची असेल, तर समोरच्या गोलंदाजालाही जिंकण्याची तितकीच संधी मिळायला हवी.